अडलंय कुठे? असेंब्लीतल्या हलत्या पार्टांची प्रश्नोत्तरं

गेल्या अंकात लिहिलं होतं की कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर यंत्राचं मॉडेल करताना, पार्ट एकमेकांना जोडून असेंब्ली केली आणि पार्ट हलत नसेल, किंवा नको तिथे हलत असेल, तर प्रश्न पाठवा. यावेळी भरपूर आले. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या शाकारून ठेवलेल्या, मग विंच-बिंच दुरुस्तीची, नवीन काही करून बघायची कामं याच दिवसांत निघतात, आणि गणपतीचे देखावेही आत्ताच सुरू होतात, त्यामुळे बहुतेक प्रश्न खऱ्या कामातले आहेत, हे मला फार आवडलं. जागा कमी आहे म्हणून सहाच घेतलेत. एक विनंती सगळ्यांनाच, फाइल पाठवताना नुसती असेंब्लीची फाइल पाठवू नका, आत पार्ट येत नाहीत, माझ्याकडे रिकामा सांगाडा उघडतो. सॉलिडवर्क्स हे कॅड सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी पॅक अँड गो (असेंब्लीसोबत तिचे सगळे पार्ट गोळा करायची सोय) करून झिप पाठवा.

वेंगुर्ल्याहून एक वाचक : ताई, डिप्लोमा करून घरच्या काजू कारखान्यात लक्ष घालतोय. पायाने चालवायच्या काजू कटरचं मॉडेल सॉलिडवर्क्समध्ये करतोय. खाली फ्रेम, तिच्यावर दोन उभ्या गाइड रॉड, रॉडवर वरचं पातं बसवलेला ब्लॉक वर-खाली सरकतो, पॅडल दाबलं की लिंक ब्लॉकला खाली ओढते. पहिल्या रॉडला कॉन्सेंट्रिक मेट (दोन गोल भागांचे अक्ष एका रेषेत आणणारी जोडणी) दिलं, मस्त सरकायला लागला. दुसऱ्या रॉडला दिलं आणि सगळं लाल, ओव्हर-डिफाइंड (गरजेपेक्षा जास्त बंधनं). डिलीट करून परत दिलं, सॉफ्टवेअर बंद करून चालू केलं, तेच. काय चुकतंय?

तुमची फाइल उघडून बघितली. सॉफ्टवेअर बरोबर सांगतंय. फ्रेमवर दोन रॉडमधलं अंतर १२० आहे आणि ब्लॉकमधल्या भोकांमधलं ११९.९८. जुन्या मशीनवरून व्हर्नियरने मापं घेतलीत ना, तिथे हे आलंय. आपल्या डोळ्याला दोन शतांश मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, पण सॉल्व्हरला, म्हणजे पार्टांच्या जागा काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या भागाला, फरक तो फरकच, दोन्ही भोकांचे सेंटर एकाच वेळी दोन्ही रॉडच्या सेंटरवर बसतील अशी जागाच अस्तित्वात नाही, मग तो बिचारा ब्लॉक ठेवणार कुठे.

पण नुसतं ११९.९८ चं १२० करून पुढे जाऊ नका, लाल जाईल पण दुखणं राहील. जरा मोजून बघा. मोकळा पार्ट सहा प्रकारे हलू शकतो, तीन दिशांना सरकतो आणि तीन अक्षांभोवती फिरतो. गोल रॉडला एक कॉन्सेंट्रिक दिलं की सहातल्या चार हालचाली गेल्या, उरल्या दोन, रॉडवरून सरकणं आणि रॉडभोवती गरगर फिरणं. सरकणं आपल्याला हवंय. म्हणजे दुसऱ्या रॉडकडे काम उरलं एकच, ते फिरणं थांबवायचं. आणि त्या एका कामासाठी तुम्ही परत चार हालचाली काढणारं मेट दिलंत, त्यातलं एक कामाचं, तीन जास्तीचे. मापं तंतोतंत जुळत असली तर जास्तीचे तीन गप्प पडून राहतात, सॉफ्टवेअर काही बोलत नाही, आणि सहा महिन्यांनी कोणीतरी एका पार्टमध्ये एक माप बदललं की त्या दिवशी सगळं लाल होतं आणि कारण कुणालाच सापडत नाही.

म्हणून दुसरं कॉन्सेंट्रिक काढा आणि ब्लॉकचं पुढचं तोंड आणि फ्रेमचा फ्रंट प्लेन (समोरची काल्पनिक सपाटी) यांना पॅरलल मेट द्या. तेवढंच. ब्लॉक धरून माउसने ओढून बघा, वर-खाली सरकेल, फिरणार नाही.

आता मला खरं जे सांगायचंय ते. जे तुम्हाला स्क्रीनवर लाल दिसलं तेच वर्कशॉपमध्ये अडकणार होतं. मी नवीन होते तेव्हा बंदरावरच्या एका बर्फाच्या क्रशरला सरकता दरवाजा डिझाइन करून दिला होता, असाच दोन रॉडवर. स्क्रीनवर दोन्हीकडे कॉन्सेंट्रिक, मापं जुळलेली, लोण्यासारखा सरकत होता. वर्कशॉपमध्ये दोन प्लेटींना वेगवेगळी भोकं पाडली, थोडा फरक पडणारच, आणि दरवाजा मध्यावर येऊन असा रुतला की हातोडी मारूनही हलेना. तिथल्या वयस्कर टर्नरने काही न बोलता गोल कानस घेतली आणि एका बाजूचं भोक दोन रॉडच्या रेषेत जरासं लांबट केलं, दोन्ही बाजूंनी दोन-चार हात मारले असतील फक्त, दरवाजा बोटाने सरकायला लागला. एक भोक दिशा देतं, दुसरं फक्त फिरू देत नाही, हे त्याला हाताला माहीत होतं, मला त्या दिवशी कळलं. तुम्हीही एका बाजूला बुश नीट फिटिंगचा ठेवा आणि दुसऱ्या बाजूचं भोक लांबट करा, लांबी दोन सेंटर जोडणाऱ्या रेषेत. ड्रॉइंगवर तसं दाखवाच, वर्कशॉपवर सोडू नका. सॉलिडवर्क्समध्ये कॉन्सेंट्रिक मेटला थोडा मिसअलाइनमेंट चालवून घ्यायचा ऑप्शन आहे, बोल्टच्या भोकांना तो ठीक, पण सरकणाऱ्या पार्टला मी तो देत नाही, कारण जिथे अडकणार आहे नेमकं तेच तो झाकून टाकतो.

तुमच्या फाइलमध्ये अजून एक आहे, अजून लाल झालं नाही म्हणून तुम्हाला दिसलं नाही. पॅडलच्या लिंकचा डोळा ११.८ जाडीचा आणि फोर्कमधली फट १२. तुम्ही डोळ्याच्या एका तोंडाला कोइन्सिडेंट (दोन तोंडं एकमेकांना टेकवणारं मेट) दिलंय, दुसऱ्याला द्यायला गेलात की परत ओव्हर-डिफाइंड येणार, येऊच द्या, ०.२ ची फट आहे आणि ती असायलाच हवी. तिथे विड्थ मेट वापरा, ते डोळ्याला फोर्कच्या बरोबर मध्ये ठेवतं. पिनला कॉन्सेंट्रिक एक आणि विड्थ एक, झाली खिटी.

आणि लाल झालेलं मेटच गुन्हेगार असतं असं नाही हे लक्षात ठेवा. शेवटी जो दारात येतो त्याला जागा मिळत नाही, आधी बसलेल्यांपैकी कोणी जास्त जागा अडवलेली असते. मेटएक्स्पर्ट चालवून डायग्नोज करा, तो भांडणाऱ्या मेटांचा गट दाखवतो, मग त्यातलं एकेक सप्रेस करून बघा, डिलीट नको, सप्रेस, म्हणजे तात्पुरतं बंद. मी तर प्रत्येक मेट दिल्यावर पार्ट एकदा ओढून बघते, वेळ जातो असं वाटतं पण नंतरचे दोन तास वाचतात.

पात्याच्या खालच्या टोकाला डिस्टन्स लिमिट जरूर द्या, पातं टरफल कापून थांबलं पाहिजे, काजूगरावर उतरता कामा नये. काजूच्या टरफलातलं तेल हाताला लागलं की कातडी भाजून निघते, बायका हाताला राख नाहीतर तेल लावून बसतात, म्हणून पायाच्या पॅडलची ही कल्पना मला मनापासून पटली. हात जितके पात्यापासून आणि टरफलापासून लांब राहतील तितकं चांगलं. झाल्यावर फोटो पाठवा.

मालवणहून एक वाचक : ताई, माका एक सांगा, खंयचोय पार्ट ओढलो की सगळी होडीच सरकता. मगे रागान सगळाच फिक्स करून टाकलंय, आता कायच हलना नाय. कित्याक?

दादा, दोन्ही टोकं झाली. पहिल्यांदा होडीचा सांगाडा जमिनीला बांधलाच नव्हता, होडी पाण्यात मोकळी होती, म्हणून काहीही ओढलं की होडी यायची. नंतर वल्ह्यासकट सगळंच बांधून टाकलंत. फिक्स फक्त एकच पार्ट हवा, तुमच्या बाबतीत होडीचा सांगाडा, त्याचे प्लेन असेंब्लीच्या ओरिजिन प्लेनवर नीट बसवून. सॉलिडवर्क्स पहिला आलेला पार्ट आपोआप फिक्स करतं, पण तुम्ही पहिलं वल्हं आणलंय, ट्रीमध्ये, म्हणजे बाजूच्या पार्टांच्या यादीत, नावाआधी कंसातला एफ दिसेल बघा. बाकी सगळ्यांना राइट क्लिक करून फ्लोट (मोकळं) करा आणि मग एकेक मेट द्या. फिक्स हे मेट नाही, खिळा आहे. फिक्स केलेल्या दोन पार्टांना एकमेकांशी जोडायला गेलात तर ते कसे जुळणार, दोघांपैकी हलायला कुणीच तयार नाही.

मिरकरवाडा, रत्नागिरीहून एक वाचक : आमच्या ट्रॉलरच्या विंचची सब-असेंब्ली वेगळी केली. तिच्यात ड्रम फिरतो, ब्रेकचा लिव्हर हलतो, सगळं व्यवस्थित. तीच आणून डेकच्या मेन असेंब्लीत बसवली तर दगड. काही हलत नाही. मेट तेच, पार्ट तेच. असं का?

हा प्रश्न यावेळी तिघांनी विचारला. सब-असेंब्ली मेन असेंब्लीत आली की सॉफ्टवेअर तिला एकच ठोकळा समजतं, रिजिड, आतले जॉइंट तेवढ्यापुरते झोपलेले असतात. हे मुद्दाम असतं, कारण आतल्या प्रत्येक पार्टचा हिशोब मेन असेंब्लीत परत करायचा तर कॉम्प्युटर रखडतो. सॉलिडवर्क्समध्ये विंचच्या कॉम्पोनंट प्रॉपर्टीजमध्ये जाऊन रिजिडचं फ्लेक्सिबल करा. इन्व्हेंटरमध्ये राइट क्लिकवरच फ्लेक्सिबल मिळतं. फ्रीकॅडच्या असेंब्लीत सब-असेंब्लीची रिजिड नावाची प्रॉपर्टी असते ती फॉल्स करा.

पण हात आखडता ठेवून. तुम्ही फाइलमध्ये गिअरबॉक्सही सब-असेंब्ली म्हणून आणलाय, आतल्या बेअरिंगसकट. तो फ्लेक्सिबल करायची काही गरज नाही, त्याचा बाहेर आलेला शाफ्ट फिरला की डेकवर बघणाऱ्याला पुरे. मी अशा वेळी गिअरबॉक्स आतून एकच पार्ट ठेवते आणि शाफ्ट वेगळा. फ्लेक्सिबल जितके वाढवाल तितकं रीबिल्ड (मॉडेलचा परत हिशोब) जड होत जातं, आणि चुकलं तर शोधायची जागाही वाढते.

फ्लेक्सिबल केल्यावर लगेच लाल झालं तर घाबरू नका. विंच ठोकळा असताना तुम्ही ड्रमचा शाफ्ट डेकवरच्या ब्रॅकेटलाही कॉन्सेंट्रिक दिलाय, तो आधी खपून गेला, आता आत एकदा आणि बाहेर एकदा असा ड्रम दोन मालकांचा होईल. बाहेरचं काढा. विंचचा बेस डेकला जोडा, ड्रमला विंचच्या आतच राहू दे.

कुडाळहून एक विद्यार्थिनी : ताई, गणपतीच्या देखाव्यात लाटांवर डोलणारी होडी करतोय. छोटी गिअर मोटर, तिला क्रँक (गोल फिरणारी काठी), मग कप्लर (मधली जोडकाठी), मग रॉकर (मागेपुढे डोलणारी काठी), रॉकरवर होडी. क्रँक ६०, कप्लर १००, रॉकर ७० आणि दोन पिव्हटमधलं अंतर १२०. दोन अडचणी आहेत. क्रँक ओढला की अर्ध्या वाटेत थांबतो. आणि मोशन ॲनालिसिस लावलं तर रिडंडंट (जास्तीचे) कन्स्ट्रेंट ३ दाखवतं, सरांनी शिकवलेल्या सूत्राने तर मोबिलिटी (यंत्रणा किती प्रकारे हलू शकते तो आकडा) बरोबर १ येते. मेट कुठे चुकलेत?

मेट चुकलेले नाहीत. पहिली अडचण मापांची आहे आणि ती कागदावरच दिसते. क्रँक जेव्हा रॉकरच्या बरोबर उलट दिशेला जातो तेव्हा त्याचं टोक रॉकरच्या पिव्हटपासून १२० अधिक ६०, म्हणजे १८० वर पोचतं. कप्लर आणि रॉकर एका रेषेत पूर्ण ताणले तरी १०० अधिक ७०, १७० च होतात. दहा मिलिमीटर कमी पडतात. सॉफ्टवेअर तिथे थांबतं कारण खरी काठ्यांची यंत्रणाही तिथेच थांबली असती, आणि मोटर चालू असती तर काहीतरी मोडलं असतं. हाच ग्रासहॉफचा नियम, सगळ्यात आखूड आणि सगळ्यात लांब लिंकची बेरीज उरलेल्या दोघींच्या बेरजेपेक्षा जास्त झाली की कुठलीच लिंक पूर्ण फेरी मारू शकत नाही.

आता तू म्हणशील क्रँक ४५ करते. १६५ आणि १७०, नियमात बसतं, पूर्ण फिरेलही, पण मी हिशोब करून बघितला, रॉकर तेव्हा जवळजवळ ८१ अंशांत हलतो, म्हणजे होडी डोलणार नाही, बुडणार. शिवाय एका जागी कप्लर आणि रॉकरमधला कोन १५२ अंशांपर्यंत जातो, दोघी जवळजवळ सरळ रेषेत, तिथे ढकलायला जोर लागतो आणि छोटी मोटर कण्हायला लागेल. क्रँक २० कर. डोलणं साधारण ३३ अंशांचं येतं आणि तो कोन ७० ते ११० च्या आसपास राहतो, मोटर आरामात फिरेल. ३३ ही जास्त वाटलं तर क्रँक अजून आखूड कर, बाकीचं काही बदलावं लागणार नाही. क्रँकवर दोन-तीन अंतरांवर भोकं पाडून ठेव, मांडवात बसून ठरवता येईल.

दुसरी अडचण जास्त मजेची आहे. सरांचं सूत्र सपाटीतलं, लिंक चार (स्थिर चौकट धरून), जॉइंट चार, तीन गुणिले तीन वजा दोन गुणिले चार, उत्तर १. पण सॉफ्टवेअर सपाटीत राहत नाही, त्याला सगळं तिन्ही दिशांत दिसतं. तिथे तीन हलत्या लिंकना सहा-सहा म्हणजे १८ हालचाली, आणि प्रत्येक साधी पिन पाच काढते, चार पिनांनी २० काढल्या. १८ वजा २० म्हणजे उणे २. प्रत्यक्षात मात्र यंत्रणा १ प्रकारे हलतेय, म्हणजे उणे २ आणि १ मधला फरक, तीन, तेवढे कन्स्ट्रेंट जास्तीचे. तेच तीन तुला दिसतायत. ते खपून जातात कारण चारही पिना एकमेकींना अगदी समांतर आहेत.

फक्त हलवून बघायचं असेल तर सोडून दे. पण पिनांवर किती जोर येतो ते काढायचं असेल तर त्या आकड्यांवर विश्वास ठेवू नकोस, जास्तीच्या कन्स्ट्रेंटमधले काही सॉल्व्हर आपल्या मनाने बाजूला करतो आणि जोर भलत्याच ठिकाणी दाखवतो, एखाद्या पिनवर चक्क शून्य. उपाय असा, एक पिन रिव्हॉल्यूटची (नुसती फिरणारी) सिलिंड्रिकल (फिरणारी आणि सरकणारीही) कर, म्हणजे ती चार काढेल, आणि एक बॉल जॉइंट (सगळीकडे वळणारा) कर, ती तीन काढेल. पाच, पाच, चार, तीन, बेरीज १७. अठरातून सतरा गेले, उरला एक. सिलिंड्रिकल आणि बॉल कप्लरच्या दोन टोकांना दे, मोटरची आणि होडीची पिन साधीच ठेव.

आणि मांडवात जोडताना प्लायवूडला भोकं हाताने पाडणार असाल तर ती थोडी तिरकी जाणारच, तेव्हा कप्लरच्या टोकांना थोडी ढील ठेवा, वॉशर टाका, बोल्ट आवळून दाबू नका. बॉल जॉइंटचं काम तीच ढील करते.

रेवदंड्याहून एक वाचक : शाळेच्या प्रदर्शनासाठी आमच्या वाडीतल्या जुन्या रहाटाचं मॉडेल करतोय. बैल फिरवतात ते आडवं चाक ४० खुंट्यांचं, गाडग्यांच्या माळेचं उभं चाक २० खुंट्यांचं. गिअर मेट दिलं, दोन्ही चाकं फिरतात, पण खुंट्या एकमेकींच्या आरपार जातात.

रहाट कोणीतरी मॉडेलमध्ये उतरवतंय हे वाचून फार बरं वाटलं, आमच्या आजोळच्या वाडीतला रहाट पंप आला तसा सुपारीखाली पडून कुजून गेला, त्याचं एक मापसुद्धा कोणी लिहून ठेवलं नाही. तुम्ही मापं घेतलीत, ती एका वहीतही नीट लिहा.

गिअर मेटला खुंट्या माहीतच नसतात. त्याला दोन अक्ष आणि एक प्रमाण एवढंच कळतं, हा एवढा फिरला की तो तेवढा. प्रमाण तुम्ही स्वतः टाकलेलं दिसत नाही. सॉलिडवर्क्स तुम्ही निवडलेल्या गोल तोंडांचे व्यास घेऊन प्रमाण भरून टाकतं, तुमच्याकडे १२१० आणि ५९० आलंय, म्हणजे २.०५. खरं हवंय ४० ला २०, बरोबर २. एवढ्याशा फरकाने बैलाच्या एका फेरीत उभं चाक १८ अंश पुढे जातं, आणि वीस खुंट्यांच्या चाकावर दोन खुंट्यांमधलं अंतरही १८ अंशच असतं. म्हणजे दर फेरीला एक अख्खी खुंटी घसरते. तिथे ४० आणि २० हाताने टाका.

मग सुरुवातीची जागा. गिअर मेट सप्रेस करा, एका चाकाची खुंटी दुसऱ्याच्या दोन खुंट्यांच्या बरोबर मध्ये येईल असं तात्पुरतं मेट द्या, दोन प्लेन जुळवलेत तरी चालेल, मग ते तात्पुरतं सप्रेस करून गिअर मेट परत चालू करा. तात्पुरतं मेट चालूच राहू दिलंत तर चाक फिरणार नाही, म्हणून त्याला नाव देऊन ठेवा, मी जुळणी असं लिहिते. चाकं उलटी फिरत असतील तर मेटमध्येच रिव्हर्स आहे. गाडग्यांच्या माळेला चेन पॅटर्न मिळतो, पण प्रदर्शनाला आठवडाच उरलाय तर ती स्थिर ठेवा, चाकं फिरली की मुलांना कळतं.

गुहागरहून एक वाचक : कंपाउंडच्या गेटचं मॉडेल. दोन बिजागऱ्या दिल्या तर ओव्हर-डिफाइंड, एक दिली तर गेट भिंतीतून आरपार फिरतं. आणि फाइल बंद करून उघडली की कधीकधी गेट उलट्या बाजूला गेलेलं असतं.

एकच बिजागरी पूर्ण जोडा, कॉन्सेंट्रिक आणि उंचीसाठी एक कोइन्सिडेंट. दुसरी बिजागरी त्याच रेषेत आहे, तिच्याकडे काढायला काही उरलेलंच नाही, तिला मेट देऊच नका, गेटचाच भाग समजून तिथे बसू द्या. घडवतानाही हेच, खालच्या बिजागरीवर वजन घ्या, वरची नुसती ओळीत धरायला, दोन्हीकडे वजन बसवायला गेलात तर एखादी कुरकुरणार. समुद्राच्या हवेत लोखंडी पिन गंजून फुगते तेव्हा तर जास्तच, पिन स्टेनलेसची घ्या.

भिंतीतून आरपार जाणं ही चूक नाही, सॉफ्टवेअरला ठोकळे ठोकळ्यांना आपटतात हे आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. मूव्ह कॉम्पोनंटमध्ये कोलिजन डिटेक्शन लावून ओढलंत तर भिंतीला लागून थांबेल, कुठे लागतं ते बघायला हे उत्तम. पण रोजच्यासाठी अँगल लिमिट द्या. तुम्ही ० ते १८० दिलंय, तिथेच गेट उलटतं, कारण अगदी ० ला किंवा अगदी १८० ला दोन्ही बाजू सॉल्व्हरला सारख्याच दिसतात आणि रीबिल्डमध्ये तो चुकीची निवडतो. तुमचं गेट भिंतीमुळे ११० च्या पुढे जातच नाही, मग वरची मर्यादा ११० ठेवा आणि खालची १, बंद गेट दाखवायला एक अंश कुणाला दिसत नाही. ड्रॉइंगसाठी अगदी बंद हवं असेल तर वेगळं कॉन्फिगरेशन (त्याच फाइलमधली दुसरी आवृत्ती) करा आणि त्यात गेट कोइन्सिडेंटने बंद करा, लिमिट मेट त्या कॉन्फिगरेशनमध्ये सप्रेस.

आणि तुमचं अँगल मेट गेटच्या फिलेट केलेल्या (गोलवलेल्या) कडेला दिलंय. उद्या फिलेट ५ ची ८ केलीत तर मेट टिकेल, पण फिलेटच काढून टाकलीत तर ती कडच नाहीशी होईल आणि मेट लोंबकळत राहील. गेटच्या मधल्या प्लेनला द्या, प्लेन कुठे जात नाही. फ्रीकॅडवाल्या दोघांनीही हेच विचारलं होतं की तोंडांची नावं बदलून जॉइंट तुटतात, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० पासून ते पुष्कळ कमी झालंय आणि असेंब्ली वर्कबेंचही त्यातच आलंय, जुन्या व्हर्जनवर असाल तर आधी ते बदला, आणि नंतरही जमेल तिथे जॉइंट कडेला न देता भोकाच्या सेंटरला किंवा ओरिजिनला द्या.